नीलाच्या वजनाची ज्वारी

"आठ किलो सहाशे," माझा नवरा चन्नवीर डोळे बारीक करून काटा वाचत म्हणाला.

दाराच्या चौकटीला अडकवलेल्या स्प्रिंगच्या काट्याखाली, जुन्या लुगड्याच्या झोळीत, आमची नीला लोंबकळत होती आणि स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होती.

"मागल्या महिन्यात किती होती?" सासूबाईंनी विचारलं.

"आठ चारशे."

"दोनशेनं वाढली की." त्यांनी नीलाला झोळीतून काढून चन्नवीरकडे दिलं, पिशवीचं तोंड सोडलं, डब्यातली ज्वारी ओंजळीनं आत घातली, पिशवी काट्याला लावून बघितली, दोन मुठी काढल्या, अर्धी परत टाकली. "घे सुमेधा. तुझी दुसरी लेकबी वाढली."

त्या पिशवीला चन्नवीरनं गमतीनं नीलाचंच जुनं झबलं घातलं होतं. पण तिचं काम गमतीचं नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या स्कूटीला टेम्पोनं धडक दिली, तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. कमरेखालचं मला काही हलवता येत नाही आणि काही कळतही नाही. चटका नाही, चिमटा नाही. त्यानंतर चार वर्षांनी नीला झाली. तेव्हापासून सासूबाई मंगळवेढ्याकडचं घर सोडून सोलापुरात आमच्याकडे राहत होत्या. अकरा महिने नीलाला कुणीतरी माझ्या मांडीवर ठेवायचं आणि कुणीतरी उचलून न्यायचं. ती जमिनीवर रडत असली की मी खुर्चीतून वाकून तिच्या डोक्यावर हात फिरवायचे आणि कुणीतरी येण्याची वाट बघायचे.

मला तिला जमिनीवरून स्वतः उचलायचं होतं. एवढंच.

मंगळवारी घरी येणाऱ्या नुसरत मॅडम, माझ्या फिजिओथेरपिस्ट, म्हणाल्या होत्या, "लेकीला उचलायचंय ना? मग लेकीला हात लावायचा नाही. आधी तिच्या वजनाची ज्वारी उचल. ज्वारी सांडली तर केरसुणीनं गोळा करता येते."

मग सुरू झालं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढायचा, डंबेल्स, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून अख्खं अंग वर उचलायचं, आणि शेवटी पिशवी: जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. नीला दर महिन्याला वाढायची, म्हणून पिशवीही. मॅडम माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणायच्या, "बघ गं, तुझा नवरा आता तुझ्याशी भांडताना विचार करेल."

प्रत्येक वेळी वाकण्याआधी त्यांचा एक नियम असायचा. खुर्चीचे ब्रेक लावायचे, दोन्ही पाय पायट्यावरून खाली जमिनीवर घ्यायचे, आणि ते नीट सरळ टेकलेत का हे डोळ्यांनी बघायचं. "अडकले, मुरगळले तर ते तुला सांगणार नाहीत. तूच बघायचंस."

आणि दुसरा नियम म्हणजे रोज अर्धा तास उभं राहणं. फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपची एक फ्रेम करून घेतली होती. गुडघे, कंबर, छाती पट्ट्यांनी बांधून तिच्यात मला उभं करायचं. हाडांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले होते, "हातांची हाडं तुमच्या वयाची आहेत, पायांची सत्तरीतल्या बाईची. पायांवर भार येत नाही ना. उभं राहून गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही, पण जाण्याचा वेग कमी होईल." गोळ्या होत्या, सकाळचं ऊन होतं, आणि फ्रेम होती. उभं राहून झालं की मी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची. मॅडम दर मंगळवारी खुणा बघायच्या.

त्या जानेवारीत खुणा पूर्ण होत्या.

"गड्डा संपला की मी जाते," सासूबाईंनी झोळीची घडी घालत सांगितलं. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. "तुझ्या मामंजींच्या डोळ्याचं आपरेशन आता लांबवता यायचं न्हाई."

"हो आई," मी म्हणाले.

"शैला जत्रेला येतीय. रविवारी माघारी जाईल." शैलजाताई म्हणजे माझी लातूरची नणंद. "चन्नू दिवसभर कामावर. तू एकटी. पोर आता रांगती. पडली, काही तोंडात घातलं, तर तू काय करणार?"

"उचलीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ऊस मोळीत बसेल का नाही असं बघतात तसं. "बरं. रविवारी आमच्यासमोर दहा वेळा उचलून दाव. न्हाई जमलं तर शैला पोरीला घेऊन जाईल. शाळेत घालायच्या वयाची झाली की आणू."

"आई!" चन्नवीर ओरडला.

"चूप. मी काय वैरीण हाय का तिची?"

त्या वैरीण नव्हत्या. शैलजाताईही नव्हत्या, त्यांनी लातूरला पाळणासुद्धा धुऊन ठेवला होता. तोच मला जास्त टोचत होता.

शुक्रवारी दुपारी सासूबाई आणि जत्रेला आलेल्या शैलजाताई देवळात गेल्या. चन्नवीर कामावर. नीला पाळण्यात झोपलेली. "तासात येतो," सासूबाई म्हणाल्या, "तवर ती उठायची न्हाई. उठलीच तर वरच्या काकूंना हाक मार." मी मान डोलावली. वीस मिनिटांनी नीला उठली. पाळणा जमिनीपासून वीतभरच उंच होता, त्याची कड ओलांडून ती गोधडीवर उतरली आणि माझ्याकडे रांगत आली. खुर्चीच्या चाकाजवळ बसून तिनं दोन्ही हात वर केले.

असे हात ती बाकी सगळ्यांकडे करायची. माझ्याकडे पहिल्यांदाच.

मी काकूंना हाक मारली नाही. ब्रेक लावले, पाय खाली सोडले, आणि तिच्याकडे बघत बघत वाकले. डोळे तिच्यावरून काढलेच नाहीत. डाव्या हातानं खुर्ची धरली, उजवा तिच्या काखेतून पाठीमागे घातला, अंग पिळून वर घेतलं. कुठेतरी कट् असा आवाज झाला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. खुर्चीचं काहीतरी असेल असं वाटलं. आणि नीला माझ्या मांडीवर होती. मी आणलेली. तिनं माझा कान धरला. मी मोठ्यानं हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग खाली बघितलं. उजवं पाऊल पुढच्या लहान चाकाच्या मागे अडकून उलटीकडे वळलेलं होतं. मी ते हातानं सोडवलं, सरळ ठेवलं. दुखलं काहीच नाही. दुखणारच नव्हतं.

दोघी आल्या तेव्हा नीला माझ्या मांडीवर होती. "उठली होती. काकूंनी दिली उचलून," मी म्हणाले. का कोण जाणे. रविवारी एकदम दाखवायचं होतं.

संध्याकाळी अंघोळीच्या वेळी उजवा गुडघा मला डाव्यापेक्षा मोठा दिसला. हात लावला तर गरम. अंघोळ मी स्वतःच करत असे, त्यामुळे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. मॅडमनी हे सगळं मला आधीच सांगून ठेवलं होतं: सूज, ऊब, पायांना एरवीपेक्षा जास्त झटके, असं दिसलं तर त्या तासाला फोन. मी बी.एस्सी. झालेली बाई. मला दोन आणि दोन कळत होते. मी पायांवर शाल घेतली.

शनिवारी मॅडमचाच फोन आला. "उद्या परीक्षा ना? हात कसे आहेत?"

"मस्त."

"पाय?"

"पाय काय, आहेत तसेच."

"उभी राहिलीस आज?"

"हो."

तारखेवर खूण केली.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात गोधडी अंथरली. शैलजाताईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली. तिच्यावर नीलाची लहान पिशवी होती, पण ती त्यांनी लाजून स्वतःच्या शालीखाली सारली होती. चन्नवीर भिंतीला टेकून उभा होता. सासूबाई समोर पाटावर बसल्या.

"कर सुरू."

ब्रेक लावले, पाय खाली घेतले. या वेळी पाय बघितले, दोन्ही सरळ. वाकले. नीला आली.

"एक," सासूबाई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

"दोन."

"अगं बाई, पैलवानच झालीय ही!" शैलजाताई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता.

"तीन. चार."

पाचव्या वेळी नीला माझ्या हातात अधांतरी असताना शालीखाली उजव्या पायाला झटका आला. लाथ मारल्यासारखा पाय पुढे गेला आणि खुर्ची हलली. मी नीलाला छातीशी ओढून धरलं. ती खिदळली. तिला वाटलं खेळ आहे. चन्नवीरनं टाळी वाजवली.

"पाच."

माझे हात थरथरतसुद्धा नव्हते. आणखी पन्नास वेळा उचललं असतं. सहा, सात, आठ, नऊ, दहा. मग शैलजाताईंची एकच बॅग गाडीत गेली असती, मग संध्याकाळी मी चन्नवीरला हळूच सांगितलं असतं. सगळं ठरलेलं होतं. मी नीलाला मांडीवर घट्ट धरून बसले होते. झटका पुन्हा कधी येईल हे मला माहीत नव्हतं. तेव्हा ती माझ्या हातात कुठे असेल, तेही नाही.

"ठेव की खाली," सासूबाई म्हणाल्या. "दमलीस का?"

"नाही."

"मग?"

"ताई, हिला घ्या." मी नीलाला शैलजाताईंच्या पुढे केलं. "माझा पाय मोडलाय."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मी शाल बाजूला केली, गाऊन गुडघ्यावर घेतला. सासूबाई पाटावरून उठल्या नाहीत, तशाच सरकत पुढे आल्या आणि त्यांनी गुडघ्यावर हाताची पाठ टेकवली, ताप बघतात तशी.

"कवापास्नं?"

"शुक्रवारी. तुम्ही देवळात होतात तेव्हा."

"दोन दिवस?" चन्नवीर म्हणाला. मग पुन्हा, ओरडून, "दोन दिवस, सुमेधा?"

एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या जरा वर मांडीचं हाड तडकलेलं दिसलं. "हललेलं नाही, म्हणून ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. कापूस भरलेला पट्टा, सात-आठ आठवडे, आतल्या कातडीला जखम होतेय का ते रोज बघायचं. मग त्यांनी विचारलं, "उभं राहणं नियमित चालू होतं?"

"दिवाळीपासून बंद आहे," मी म्हणाले.

चन्नवीर माझ्याकडे वळला. "अगं, पण कॅलेंडर..."

"मीच खुणा करत होते. आईंना सांगायचे, सकाळी तू उभं केलंस; तुला सांगायचे, दुपारी आईंनी केलं."

दुसऱ्या दिवशी मंगळवार नसताना नुसरत मॅडम आल्या. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. त्यांनी पट्टा तपासला, बोटांचा रंग बघितला, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"उभी राहिली असतीस तर मोडला नसता, असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अडीच महिन्यांत तेवढा फरक पडतो असं नाही. पण पाय कुठे आहे ते बघितलं असतंस तर मोडला नसता. ते नक्की." मग कॅलेंडरकडे बघत, "दिवाळीपासून मी तुझ्या खुणा बघून खूश होत होते गं. घरी जाऊन माझ्या नवऱ्याला सांगायचे."

ते मला रागापेक्षा जड गेलं.

नीला तर रविवारीच गेली होती. मी दवाखान्यात असताना. जाताना रडली का, असं मी चन्नवीरला विचारलं. तो म्हणाला, "नाही. टाटा केला." तिचा पहिला वाढदिवस लातूरला झाला. शैलजाताईंनी फोन तिच्या तोंडाशी धरला आणि मी तिचा श्वास ऐकला.

सासूबाई मात्र गेल्या नाहीत. मामंजींचं डोळ्याचं ऑपरेशन धाकट्या दिरांनी मंगळवेढ्यात करून घेतलं, आणि त्या माझा पट्टा सोडत, बांधत, कातडी बघत राहिल्या. बोलणं कामापुरतं. एके दुपारी त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, आणि एकदम म्हणाल्या, "दिवाळीत काय झालं?"

"काय?"

"उभं राहायचं का सोडलंस?"

सांगावं की नाही, हे मी ताटातल्या दाण्यांकडे बघत ठरवलं. "मी फ्रेममध्ये बांधलेली होते. तुम्ही मला बांधून वाळवण उचलायला गच्चीवर गेलात. नीलानं शेंगेचं टरफल तोंडात घातलं. माझ्यासमोर, दोन हातांवर. तिला ठसका लागला. मी पट्टे सोडत होते, छातीचा सुटला, कमरेचा सुटेना. मी ओरडत होते. मग तिचं तिनंच टरफल थुंकलं."

त्यांचा हात थांबला. "आन मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही म्हणाला असतात, बघ, हिला एकटीला जमत नाही."

"म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आन तुला म्हणायचं होतं की म्हातारी पोरीला सोडून गच्चीवर का गेली."

"तसं नाही आई."

"तसंच. म्हण की. एका घरात वरीस होत आलं, काय म्हटलंच न्हाई आपण." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "मलाबी गावाकडं जायचं नव्हतं. पोरीचा लळा लागलाय. पर तुला एकटीला ठेवून जायाची भीती वाटायची, आन तसं म्हणायची लाज. म्हणून परीक्षा काढली."

त्यांनी ताट झटकलं, दाणे एका बाजूला आले. "शुक्रवारी कुणी दिली म्हणालीस उचलून? वरच्या काकूंनी?"

"नाही. मीच उचलली."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "काकू त्या दिवशी आमच्या मागोमागच देवळात आली होती."

हाड जुळलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर फ्रेमही सुरू झाली, पहिल्यांदा पाच मिनिटं, मग दहा. सासूबाईंनी चन्नवीरला बोलावून पाळणा फ्रेमच्या शेजारी हलवून घेतला आणि त्याची दोरी माझ्या हाताला येईल अशी बांधली. रिकामा पाळणा. "आली म्हंजी ती झोपल तवा तू उभी राहायची," त्या म्हणाल्या. "पट्टे बी बदलून घे चन्नू, पुढनं सुटतील असे. हिचे हिला."

मार्चच्या मध्यावर शैलजाताई नीलाला घेऊन आल्या. अंगानं भरली होती. मी हात पुढे केले तर तिनं आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. शैलजाताईंना रडू आलं आणि माझी माफी मागावी तसं त्या म्हणाल्या, "करेल हो, दोन दिवसांत करेल." दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. नीला दाराकडे तोंड करून कितीतरी वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आपली पिशवी भरली.

"आई, दहा वेळा?" मी विचारलं.

"काय दहा वेळा?" पायांत चपला सरकवत त्या म्हणाल्या. "वरच्या काकूंना सांगितलंय. हाक मारली की येतात. मारायची. जमंना झालं की मला फोन. लाजायचं न्हाई." आणि मागे न बघता जिना उतरल्या. चन्नवीर त्यांना एसटी स्टँडवर सोडून तसाच कामावर जाणार होता.

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला आणि नीलानं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. गोधडीवर बसून ती मला परक्या बाईकडे बघतात तशी बघत होती. ब्रेक लावलेले होते, पाय खाली घेतले, बघितले. हात तयार होते, आणि तिला उचलणं आता मला अवघड नव्हतं. पण तिनं हात वर केलेले नव्हते. मी उचललं नाही. दळणाच्या डब्यावर पडलेलं वर्तमानपत्र घेतलं आणि वाचतेय असं दाखवत बसून राहिले. एक शब्द वाचला असेल तर शपथ. ती रांगत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली. पाळण्याची कड हलवून बघितली. मग वर्तमानपत्राच्या खाली गेली, मला दिसेनाशी झाली.

आज नीला दहावीत आहे आणि माझ्यापेक्षा उंच दिसते, म्हणजे मी फ्रेममध्ये असतानाही. तिला त्यातलं काही आठवत नाही. मला त्या मिनिटाची लांबी अजून सांगता येईल. आवाज नव्हता, रडणं नव्हतं. शेवटी मला राहवलं नाही. मी वर्तमानपत्र बाजूला केलं.

ती उभी होती. लातूरला ती उभं राहायला शिकली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा मोडून जुळलेला गुडघा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, पोट माझ्या नडगीला टेकलं होतं, आणि तोल सांभाळत ती माझ्याकडे वर बघत होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. मला कळलं नव्हतं. मी बघितलं, तेव्हा दिसलं.